मनगटावरची खूण

मोशीच्या अण्णासाहेबांची एक गोष्ट त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होती. बहात्तरच्या दुष्काळात, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी खाणीवरच्या माळावर एकट्यानं तरस मारलं होतं. शेळ्यांवर आलेलं. हातात फक्त कुऱ्हाड. तरसानं हात धरला, तरी यांनी कुऱ्हाड सोडली नाही. गोष्ट सांगून झाली की ते डावी बाही वर करायचे आणि मनगटाच्या वरचे चार पांढरे ठिपके दाखवायचे. पुढे जमीन विकली गेली, माळावर टॉवर उभे राहिले, मुलगा चाकणच्या कंपनीत लागला. गोष्ट तेवढी जशीच्या तशी राहिली.

नातू शार्दूल पाचवीत होता. शाळेनं एका प्राण्यावर प्रकल्प करायला सांगितला, तेव्हा त्यानं विचार न करता तरस निवडलं आणि अख्ख्या वर्गाला आजोबांची गोष्ट सांगून टाकली. आकुर्डीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचं जुनं संग्रहालय आहे, शनिवारी ते मुलांना दाखवतात, आणि तिथं पेंढा भरलेलं तरस आहे, असं त्याच्या आईला, चारुलताला, कळलं. तिला त्या दिवशी सुट्टी नव्हती. म्हणून अण्णासाहेबच शार्दूलला आणि त्याच्या दुसरीतल्या बहिणीला, अनुयाला, घेऊन बसनं निघाले. धोतर-टोपी स्वच्छ, पायांत नवे बूट.

संग्रहालय म्हणजे दोन लांब खोल्या. औषधाचा उग्र वास. बरण्यांत साप, बेडूक, न जन्मलेलं वासरू. दहा-बारा मुलं आणि त्यांचे आईवडील आले होते. एमएस्सी करणारी भाग्यश्री नावाची मुलगी माहिती सांगत होती. दुसऱ्या खोलीत, भिंतीच्या कडेला, मोठ्या काचेच्या पेटीत तरसाची मादी उभी होती. मानेवरचे केस उभे, अंगावर काळे पट्टे. तिच्या पुढच्या पायांपाशी एक पिल्लू होतं, तोंड उघडं.

"तरसाला लोक उगीच घाबरतात," भाग्यश्री म्हणाली. "ते सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. मेलेली जनावरं खातं. परिसर साफ ठेवतं."

"ताई, आमच्या अण्णांनी तरस मारलंय," शार्दूल म्हणाला. "एकट्यानं."

सगळे वळून बघू लागले. निळा शर्ट घातलेल्या एका वडिलांनी मोबाइल वर धरला. "बाबा, सांगा की राव. मी व्हिडिओ काढतो."

अण्णासाहेबांनी आधी नको नको केलं. पण पोरं जवळ सरकली, आणि शार्दूल त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत होता की त्यांनी घसा साफ केला. त्यांनी गोष्ट सांगितली. नेहमीपेक्षा चांगली सांगितली. शेवटी बाही वर केली.

भाग्यश्रीनं टेबलावरची कवटी उचलली होती, मुलांना दाखवायला. "हा मोठ्या तरसाचा जबडा. याच्यात म्हशीचं हाड फुट..." ती थांबली. तिनं अण्णासाहेबांच्या हाताकडे पाहिलं, हातातल्या कवटीकडे पाहिलं. दोन सुळ्यांमध्ये चार बोटं मावत होती. अण्णासाहेबांच्या हातावरचे ठिपके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले असते.

"नशीब थोर तुमचं, बाबा," ती हळू म्हणाली आणि कवटी खाली ठेवली.

तिला समजलं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाचा मान राखायला ती गप्प बसली होती. अण्णासाहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी बाही खाली ओढली.

अनुया मघापासून काचेपुढे उकिडवी बसून पिल्लू बघत होती. ती उठली, त्यांचा हात धरून काचेपाशी नेला आणि बाही पुन्हा वर सरकवली.

"अण्णा, इथं ठेवा. बघा, याच्या दातांएवढंच आहे. तुम्हाला मोठं तरस नाही चावलं. पिल्लू चावलं."

मागे कुणीतरी हसलं.

"गप बस," अण्णासाहेब म्हणाले. "लई शानी झाली." त्यांनी हात एवढ्या जोरात ओढून घेतला की अनुयाचं कोपर काचेच्या लाकडी चौकटीवर आपटलं. ती रडली नाही. कोपर पोटाशी धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"चला, आता साप बघू या," भाग्यश्री म्हणाली. सगळे पुढे गेले. निळ्या शर्टवाल्यानं मोबाइल खिशात टाकला.

अण्णासाहेब दोन्ही मुलांना घेऊन बाहेर आले आणि आवारातल्या बाकावर बसले.

"लागलं का गं?" त्यांनी विचारलं.

अनुयानं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"तू म्हनलीस ते खरं हाय," ते म्हणाले. "पिल्लूच व्हतं."

शार्दूलनं वर पाहिलं.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या साली शेळ्या मरत होत्या, चारा नव्हता. पण गावात लोक तरसाचं नाव घ्यायचे. ते, भैरू आणि नवनाथ, तिघं पोरं खाणीवर गेले. कपारीत बीळ होतं. पिल्लांची आई बाहेर गेली होती, तिघांनी तिला जाताना पाहिलं होतं. म्हणूनच ते पुढे झाले. बिळाच्या तोंडाशी पाला पेटवला, वर मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. थोड्या वेळानं पिल्लं खोकत बाहेर आली. तीन. डोळ्यांना काही दिसत नव्हतं त्यांना. दोन भैरूनं आणि नवनाथनं काठीनं मारली. तिसरं अण्णासाहेबांनी हातानं धरलं, तेव्हा ते चावलं.

"मग?" शार्दूलनं विचारलं.

"मग दगडावर आपटलं."

"आणि कुऱ्हाड?"

"कुऱ्हाड न्हवती."

अनुयानं विचारलं, "त्यांची आई आली का?"

"आली. तीन दिस संध्याकाळी यायची. बिळात शिरायची, बाहेर यायची, परत शिरायची. आमी लांबून बघायचो. हसायचो." ते थांबले. "मी बी हसलो."

त्यांनी मुलांकडे पाहिलं नाही. बुटांच्या लेसकडे बघत राहिले. पन्नास वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा एकट्यानं मारलेलं तरसच सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात.

"मी वर्गात सगळ्यांना सांगितलं," शार्दूल म्हणाला. "आत्ता आत पण सांगितलं. तुम्ही आत जाऊन खरं सांगा."

अण्णासाहेब उठले. दारापर्यंत गेले. आतून भाग्यश्रीचा आवाज येत होता, मुलं कशाला तरी हसत होती. त्यांनी चौकटीला हात लावला आणि तिथूनच परत आले.

"मला न्हाई जमायचं, बाळा."

शार्दूलनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तो एकटाच आत गेला. अण्णासाहेब उभेच राहिले. दहा वर्षांचं पोर आपल्यासाठी आत गेलंय आणि आपण बाहेर उभे आहोत, हे त्यांना पूर्ण कळत होतं. तरी पाय उचलले गेले नाहीत.

पाच मिनिटांनी तो परत आला.

"काय म्हनल्या ताई?"

"काही नाही. 'बरं' म्हणाल्या." मग थोड्या वेळानं, "त्या काकांनी व्हिडिओ आधीच पाठवलाय. त्यांच्या ग्रुपवर."

बसमध्ये शार्दूल मागच्या सीटवर जाऊन बसला. अनुया त्यांच्याशेजारी होती, पण खिडकीकडे तोंड करून.

सोमवारपर्यंत व्हिडिओ फिरत फिरत मोशीच्या गावकऱ्यांच्या ग्रुपवर पोचला. खाली अंगठे, हात जोडलेले, 'आमचा वाघ', 'जुनं रक्त'. संध्याकाळी भैरूचा फोन आला. तो हसत होता. "एकट्यानं व्हय रं? मी आन् नवनाथ कुठं गेलो त्यात?"

"तुमाला काढलं त्यातनं," अण्णासाहेब म्हणाले. "आन् पिल्लं बी काढली."

भैरूचं हसू थांबलं. "आता कशाला उकरायचं? नवनाथला जाऊन बी पाच वर्षं झाली," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

अण्णासाहेबांनी शार्दूलला हाक मारली. तो दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होता. "तुझ्या आईचा मोबाइल आन. मला बी व्हिडिओत बोलायचंय, तुला सांगितलं त्येच. तू धर."

शार्दूलनं मोबाइल आणला. चारुलता हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. पहिल्या वेळी अण्णासाहेब मध्येच अडखळले, दुसऱ्या वेळी मिरच्यांपाशी थांबले. तिसऱ्यांदा सगळं सांगितलं, पिल्लाच्या आईसकट, हसण्यासकट. सासरे बोलायचे थांबले तेव्हा चारुलता आत गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला.

"पाठवू?" शार्दूलनं विचारलं.

"पाठव."

गावकऱ्यांच्या त्या ग्रुपवर दोनशे अकरा माणसं होती. बऱ्याच जणांनी व्हिडिओ पाहिला. कुणी खाली काही लिहिलं नाही.