एकोणपन्नासावा प्रश्न

डॉ. सुमेधा खरात तुरुंगाच्या तपासणीला गेली तेव्हा तिच्या हातात बासष्ट प्रश्नांचा छापील तक्ता होता. कैद्यांना औषधपाणी वेळेवर मिळतं का, नोंदी नीट आहेत का, हे पाहून प्रत्येक प्रश्नापुढे होय किंवा नाही अशी खूण करायची आणि शेवटी गुण मांडायचे, एवढं काम. ती मूळची भोकरदनची. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नोकरीला लागून तिला सहा वर्षं झाली होती. तुरुंग तपासणाऱ्या समितीवर तिला घेतलं, कारण तिचे कागद कधी उशिरा जात नसत.

जून महिना होता. तुरुंगाच्या दवाखान्यात कायमचा डॉक्टर नव्हता. बाहेरचे एक डॉक्टर मंगळवारी येऊन जात, बाकीचे सहा दिवस भारत म्हस्के नावाचा कंपाउंडर एकटा सांभाळायचा. त्याने टेबल पुसून नोंदवह्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. सुमेधाने मधुमेहाची वही उघडली. अकरा रुग्ण, प्रत्येकाची साखर आठवड्याला तपासलेली. एकशे अडतीस, एकशे बेचाळीस, एकशे चाळीस. पानं उलटताना तिच्या मनात आलं, अकराच्या अकरा माणसांची साखर इतकी शहाण्यासारखी कशी वागते? पण दीड वाजला होता, तीनला तिची दुसरी बैठक होती. तिने वही मिटली.

बराकीसमोर कैदी रांगेत उभे होते. तुरुंगाधिकारी तिच्या बाजूने चालत होते. रांगेतला एक दाढीवाला, पन्नाशी उलटलेला माणूस अर्धं पाऊल पुढे आला.

"डॉक्टरीणबाई, जरा पाय बघता का? जखम भरून न्हाई राह्यली."

"याचं रोजचंच असतं," तुरुंगाधिकारी म्हणाले. "ख्वाजामियाँ, रांगेत राहा. मॅडमना उशीर होतोय."

सुमेधाने त्याच्या पायाकडे पाहिलं. अंगठ्यावर फडकं बांधलेलं होतं. ती मागे वळून भारतला म्हणाली, "यांना बघून घ्या," आणि पुढे गेली.

तक्त्यातला एकोणपन्नासावा प्रश्न असा होता : कैद्यांशी पहारेकऱ्यांच्या गैरहजेरीत बोलून त्यांच्या तक्रारी ऐकल्या का? परतीच्या गाडीत, मांडीवर कागद धरून, तिने 'होय'पुढे खूण केली. 'नाही' लिहिलं असतं तर पुन्हा यावं लागलं असतं. तुरुंगाला शंभरपैकी सत्त्याऐंशी गुण मिळाले. अहवाल वेळेत गेला म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत तिचं नाव घेतलं गेलं, आणि तिला ते बरं वाटलं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन पोलीस एका कैद्याला तिच्या रुग्णालयात घेऊन आले. खोलीत शिरण्याआधीच वास आला. डाव्या पायाची तीन बोटं काळी पडली होती, काळेपणा घोट्याकडे चढत होता. साखर चारशेच्या वर. तिने नाव विचारलं.

"ख्वाजामियाँ. आष्टीचा." त्याने तिच्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुमीच आल्त्या ना तपासायला?"

"हो."

"बराबर. मी म्हनलं, पाहिल्यासारखं वाटतंय." एवढं बोलून त्याने डोळे मिटले. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

तिने सलाइन लावलं, इन्सुलिन दिलं आणि तासाभरात त्याला संभाजीनगरला पाठवलं. चौथ्या दिवशी तिथून फोन आला. पाय गुडघ्याखालून काढला होता. माणूस वाचला.

आठवडाभर ती नेहमीसारखी काम करत राहिली. पण कुणाची जखम बांधताना तिला ते फडकं दिसायचं, आणि वाकून पाहायला किती वेळ लागला असता, याचा हिशोब ती करायची. दोन मिनिटं. फार तर तीन. शेवटी रुग्णाची मागची माहिती हवी असं कारण सांगून ती तुरुंगात गेली आणि भारतसमोर ती मधुमेहाची वही ठेवली.

"हे आकडे खरे आहेत का?"

भारतने कपाट उघडून साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी काढली. रिकामी होती.

"मार्चातच संपल्या, मॅडम. रकाना मोकळा दिसला की वरून विचारणा येते. मंग मी भरत गेलो. चूक माझीच हाय."

"मागवल्या नाहीत?"

त्याने तीन पत्रांच्या प्रती पुढे केल्या. एप्रिल, मे आणि जूनची पाच तारीख. तिची तपासणी जूनच्या अठराला झाली होती.

"ही मला का दाखवली नाहीत?"

"तुमी वही मागितली, मी वही दाखवली. पत्रं कुनी मागितलीच न्हाईत. अन् साहेब बाजूला हुभे होते. त्या मियाँभाईला मी रोज मलम लावून देत होतो. गोळ्या बी संपल्या होत्या, त्या दोन महिने माझ्या पैशानं बाहेरून आणून दिल्या, मंग जमंना झालं."

त्या रविवारी सुमेधाने जिल्हा कार्यालयाला पत्र लिहिलं. एकोणपन्नासाव्या प्रश्नाचं माझं उत्तर खोटं आहे, मी एकाही कैद्याशी एकांतात बोलले नाही, साखरेचे आकडे तपासणी न करता लिहिलेले आहेत, असं तिने स्वच्छ लिहिलं. आकडे कुणी लिहिले तेही लिहिलं. भारतच्या तीन पत्रांचा उल्लेख मात्र तिने एकदा लिहून खोडला. ती पत्रं ज्या वरिष्ठांकडे पोचली होती, त्यांच्याच सहीने तिच्या बदल्या होत. खोडताना तिने स्वतःला सांगितलं की चौकशीत ते आपोआप पुढे येईल.

ते आलं नाही. महिन्याभरात भारत निलंबित झाला. सुमेधाला लेखी समज मिळाली आणि समितीतून तिचं नाव गेलं. शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात सुटलात." ते शब्द तिला दिवसभर टोचत राहिले.

ख्वाजामियाँला आजारपणावर जामीन मिळाला होता. डिसेंबरात ती आष्टीला गेली. बाजारामागे पत्र्याचं घर होतं. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. शेताच्या रस्त्यावरून झालेल्या मारामारीत त्याचं नाव गोवलं गेलं होतं आणि खटला अजून उभा राहिला नव्हता. तो बाजेवर बसला होता. त्याची बायको गौहर चुलीपाशी होती.

सुमेधाने उभ्यानेच सगळं सांगितलं : वही पाहून आलेली शंका, दीड वाजला म्हणून मिटलेली वही, गाडीत केलेली खूण. सगळं ऐकून झाल्यावर गौहर म्हणाली, "हे तुमी आमाला कायको सांगून राह्यल्या? जाऊ द्या मॅडम, असं आमी म्हणावं म्हणून?"

सुमेधाला नाही म्हणायचं होतं. "थोडं तेही असेल," ती म्हणाली.

"मंग ते माझ्याच्यानं होणार न्हाई. याला रोज मीच उचलती."

"गौहर," ख्वाजामियाँ म्हणाला. पण तो तिला गप्प बस असं म्हणाला नाही. थोड्या वेळाने तो सुमेधाकडे वळला. "डॉक्टरीणबाई, आमच्या बराकीत धम्मपाल म्हणून पोऱ्या होता, वाटूरकडचा. पंचवीस-सव्वीसचा. मी निघालो तवा दोन महिन्यापासून खोकत होता, रात्री सगळं अंग घामानं भिजायचं. त्याला कुनी बघितलं का तेवढं बघा."

ती समितीत नव्हती, त्यामुळे आत जायला नवा अर्ज करावा लागला. दोन अर्ज परत आले. तिसऱ्याला परवानगी मिळाली तेव्हा तिने पहारेकऱ्याला दाराबाहेर थांबायला सांगितलं आणि दार स्वतः लावून घेतलं. धम्मपालच्या खांद्यांची हाडं शर्टातून वर आली होती. काही त्रास नाही, असं तो तीनदा म्हणाला. ती बसून राहिली. वीस मिनिटांनी त्याने सांगितलं की थुंकीत रक्त येतं आणि दुसऱ्या बराकीत हलवतील म्हणून तो गप्प होता. क्षयरोग निघाला. औषधं सुरू झाली आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या चौदा जणांची तपासणी झाली. आणखी दोघे सापडले.

फेब्रुवारीत भारतची विभागीय चौकशी लागली. सुमेधाला कुणी बोलावलं नव्हतं. ती साक्ष द्यायची आहे असा अर्ज घेऊन गेली आणि भारतच्या पत्रांबद्दल तिने सांगितलं. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "ही तीन मागणीपत्रं तुम्हाला सप्टेंबरातच माहीत होती?"

"होती."

"मग तुमच्या पत्रात का नाहीत?"

"मी लिहून खोडली. बदलीची भीती वाटली."

टंकलेखकाने ते जसंच्या तसं उतरवलं आणि तिने खाली सही केली. तिच्यावर वेगळी चौकशी सुरू झाली. भारतला मे महिन्यात कामावर परत घेतलं, पण दोन वेतनवाढी रोखल्या.

त्याच्या रुजू होण्याच्या दिवशी ती परवानगी काढून मुद्दाम तुरुंगात गेली. तो कपाटात नवी औषधं लावत होता.

"भारत, मी आधीच लिहायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. वळला नाही. खोक्यातली पुढची बाटली काढून त्याने तिची तारीख वाचली, आणि मग म्हणाला, "बसा मॅडम. बाहेर पाच जण दाखवायला थांबलेत. एकेकाला पाठवतो."