रेमरसाहेबांचा अंधार

कॅनडातल्या विनिपेगच्या आमच्या बस कंपनीत मार्नी कोवाल्चुक फोनवर तक्रारी ऐकायची. जन्मापासून आंधळी. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर तिला कानात वाचून दाखवी. लोकांच्या शिव्या मात्र तिला आमच्याइतक्याच पडत. तेवढी समानता कंपनीत होती.

त्या ऑक्टोबरात कुठली बस कधी सोडायची ते ठरवणाऱ्या टेबलावर एक जागा रिकामी झाली. मार्नीनं अर्ज केला. आता शिव्या खाण्याऐवजी गाड्या हाकायला मिळतील म्हणून तिनं नवा स्वेटरही घेतला. मुलाखत शुक्रवारी, घेणारे आमचे डग्लस रेमरसाहेब. माणूस मऊ. कुत्र्याच्या वाढदिवसाला रडणारा.

आदल्या दिवशी अपंग सहकाऱ्यांना समजून घेण्याचा वार्षिक दिवस होता. इकडे तो सणासारखा पाळतात. डोनट येतात, भाषण होतं, मग धडधाकटांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना दहा मिनिटं कॉफी करायला लावतात. मार्नीलाही पट्टी बांधावी का, यावर थोडी चर्चा झाली.

रेमरसाहेबांनी कॉफी डोनटांवर ओतली, दार समजून कपाटात शिरले आणि आतून "कुणी आहे का?" असं विचारू लागले. शेवटी मार्नीनंच त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. पट्टी सुटली तेव्हा साहेबांचे डोळे भरले होते.

"मार्नी, हे तू रोज सहन करतेस?"

"नाही साहेब, रोज मी काम करते. कपाटात जात नाही."

आम्ही हसलो. साहेब हेलावले होते, आणि हेलावलेल्या माणसाला ऐकू जरा कमी येतं.

शुक्रवारी ती मुलाखतीहून लवकरच परतली. साहेबांनी कामाबद्दल काही विचारलंच नव्हतं. त्या टेबलावरचा कॉम्प्युटरही बोलतो, हवं तर आत्ता गाडी सोडून दाखवते, असं ती म्हणाली होती. त्यावर साहेब म्हणाले, मी त्या अंधारात राहून आलोय, मला साधं दार सापडलं नाही; तुला तिथं बसवणं म्हणजे क्रूरपणा होईल.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, साहेब, तुम्ही कालच आंधळे झालात. मी जरा जुनी आहे."

"आणि?"

"माझा हात धरून रडले असावेत. नाक शिंकरल्याचा आवाज आला."

जागा आमच्यातल्याच कर्टिसला मिळाली. त्यानं अर्ज केल्याचं त्यालाही नीट आठवत नव्हतं. मार्नीनं वरच्या ऑफिसात दाद मागितली. उत्तर आलं की रेमरसाहेबांच्या कळवळ्याबद्दल शंकाच नको, अपंगांना समजून घेण्याच्या दिवसाचं यंदाचं बक्षीस त्यांनाच दिलं आहे.

मी निवृत्त झालो तेव्हा ती त्याच फोनवर होती. एक जादा जबाबदारी तेवढी मिळाली होती: पट्ट्या धुऊन ठेवायच्या आणि ऑक्टोबरात सगळ्यांना बांधायच्या. त्या दिवशी ती तोच स्वेटर घालायची. साहेबांची गाठ ती जरा घट्ट मारायची. पण दहा मिनिटं झाली की ती सोडावीही तिलाच लागे.