मारोतीची पहार आणि गारांचा दिवस

मित्रांनो, मी पहार. गंजलेली, टोकाकडे किंचित वाकलेली आणि वयाने म्हातारी. तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, नाहीतर तुमच्यापैकी कोणी मला आजवर हातसुद्धा लावलेला नाही. उचलायला गेलात तर दोन पावलांत खाली टाकाल आणि तळहात चोळत बसाल. मला गोड बोलता येत नाही. सगळं आयुष्य दगडाशी डोकं आपटण्यात गेलं, तेव्हा माझ्याकडून गोडव्याची अपेक्षा धरू नका.

माझा जन्म मराठवाड्यातल्या एका खेड्यात लोहाराच्या भट्टीत झाला. हौसेराव नावाचे विहिरी खोदणारे गृहस्थ होते. त्यांनी मोडीत निघालेल्या ट्रकचा लोखंडी दांडा आणून लोहारापुढे टाकला आणि ठोकून ठोकून माझी पहार करून घेतली. पुढे त्यांचा मुलगा मारोती कामाच्या शोधात नवी मुंबईला निघाला, तेव्हा अंथरुणाच्या वळकटीत गुंडाळून त्याने मलाही बरोबर आणलं. इथे आम्ही दोघांनी काय खोदलं नाही ते विचारा. तळोज्याच्या कारखान्यांसाठी केबलचे चर खोदले, करंजाड्याच्या इमारतींचे पाये खोदले, आणि शेवटी घणसोली गावाच्या कुशीला जी उंच सोसायटी उभी राहिली तिचाही पाया आम्हीच खोदला. मुकादम म्हणायचा, ‘मारोत्या, तुझी पहार म्हंजे दोन मानसांची मजुरी वाचली.’ माझं कौतुक झालं ते एवढंच, पण मला ते पुरलं.

इमारत पूर्ण झाली आणि मारोती तिथेच वॉचमन म्हणून चिकटला. भिंतीपलीकडे गावठाणात भाड्याची खोली घेऊन तो आणि त्याची मुलगी क्रांती राहायचे. बायको बरीच वर्षं आधी गेलेली. क्रांती शिकली आणि तळोज्याच्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला लागली. बापाला तिचा केवढा अभिमान! मी मात्र मीटर रूमच्या कोपऱ्यात, पूजेचे चौरंग आणि तुटक्या खुर्च्यांच्या मागे जाऊन पडले. ज्यांच्या घराखालचा खडक मी फोडला, ती माणसं मला ‘ते लोखंडाचं काहीतरी’ म्हणायची.

वर्षातून एकदा मात्र माझी आठवण हमखास निघे. सोसायटीचं मागचं गेट गावठाणात उघडतं, आणि त्या गेटापाशी पावसात पाणी तुंबतं. तिथे गटाराचं चेंबर आहे, उभा माणूस आत नाहीसा होईल इतकं खोल. पाणी घोट्याच्या वर आलं की सेक्रेटरी सुधीर खिडकीतून मारोतीला हाक मारत. मारोती माझं टोक झाकणाच्या कडेत घालून झाकण बाजूला सारायचा आणि मग मलाच त्या भोकात, आतल्या लोखंडी पायरीवर टेकवून, तिरकी उभी करून ठेवायचा. पाण्यातून वर आलेलं माझं डोकं दिसलं की येणारे-जाणारे समजायचे, इथे पाय टाकायचा नाही. सोसायटीने स्वतःची पहार कधी विकत घेतली नाही. दर मीटिंगला विषय निघायचा आणि ‘मारोतीकडे आहे ना’ म्हणून मिटायचा.

आता त्या मार्चमधल्या शनिवारचं सांगते. दुपारभर उकाड्याने जीव नकोसा झाला होता. चहाच्या वेळेला आभाळ काळंनिळं झालं आणि गारा सुरू झाल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. या बाजूला गारा पडल्याच तर चार पोरांनी वेचून तोंडात टाकाव्यात इतक्या पडतात. त्या दिवशी त्या थांबायचं नावच घेईनात. थांबल्या तेव्हा आवारात गुडघ्याएवढा पांढरा थर साचला होता, गाड्यांची चाकं दिसेनाशी झाली होती आणि गावठाणातले निम्मे पत्रे खाली आले होते.

थंड मुलखातली माणसं म्हणे बर्फ उपसायला वेगळी अवजारं बाळगतात, रस्त्यावर मीठ टाकायला गाड्या फिरतात. आमच्याकडे काय फिरलं? मोबाइल. सगळी सोसायटी खाली येऊन शूटिंग करत होती. सुधीर यांच्या पत्नी मीना कानटोपी घालून आणि पायात स्लिपर घालून आल्या आणि म्हणाल्या, “मनालीला उगाच एवढा खर्च केला. दारातच आलं की सगळं.” कोणी गारांचं सरबत केलं. मग एक जण घसरून पडला, दुसऱ्याच्या गाडीची काच फुटली आणि हसणं ओसरलं. उपसायची वेळ आली तेव्हा कोणाकडे फावडं नव्हतं. केरसुण्या आल्या, फरशीचे वायपर आले, एका घरातून कॅरमचा बोर्ड आला. एका गृहस्थांनी मोबाइलवर वाचून खाली येऊन मिठाच्या पिशव्या फोडल्या आणि जेमतेम एका स्कूटरभोवती मीठ शिंपडून संपवलं. मी हे सगळं मीटर रूमच्या उघड्या दारातून बघत होते आणि मला कोणाचीही दया आली नाही.

तेवढ्यात वितळलेलं पाणी मीटर रूमच्या उंबऱ्याला लागलं.

“मारोती, झाकण उघड,” सुधीर ओरडले. “पाणी मीटरमध्ये गेलं तर अख्ख्या बिल्डिंगची लाइट जाईल.”

पाणी तुंबलं की झाकण उघडायचं, एवढं एकच त्यांना ठाऊक. गारांचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मारोतीलाही नाही. त्याने गेटापाशी गारा बाजूला सारल्या, मला लावून झाकण हलवलं आणि सवयीने मला भोकात उभी केली. मग सगळे वायपर घेऊन धावले आणि गारा त्याच भोकात लोटू लागले. गारा म्हणजे काही पाणी नव्हे, वाहून जायला. त्या आत जाऊन एकमेकींना चिकटल्या, गटाराला आतून बूच बसलं आणि पाणी आणखीच तुंबलं. वर गारांचा पांढरा तवंग पसरला. भोक दिसेनासं झालं, दिसत होतं ते फक्त माझं डोकं.

आणि नेमका त्याच वेळी पार्किंगचा पत्रा गारांच्या वजनाने वाकून सुधीर यांच्या नव्या गाडीवर बसला.

“मारोती, पहार आण इकडे. पत्रा उचलायला पाहिजे, टप चेपत चाललंय.”

“साहेब, झाकन उघडं हाय,” मारोती म्हणाला. “पहार काढली तर कळायचं न्हाई कुनाला. माझी पोरगी यायलीय याच गेटातून. गावातली गल्ली पत्र्यानं बंद झालीय.”

“अरे दोन मिनिटांचं काम आहे. मग झाकण लाव आणि ये.”

“गारा दाटल्यात साहेब कडेच्या खाचेत. झाकन बसंना.”

“मग मी ग्रुपवर टाकतो. टेन्शन नको घेऊ.”

आणि त्यांनी खरोखरच तिथे उभ्या उभ्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: मागच्या गेटजवळ चेंबर उघडं आहे, सर्वांनी काळजी घ्यावी. लगेच अंगठे आले, हात जोडलेले आले. सुधीर यांना अगदी मनापासून वाटलं की आता त्या भोकावर झाकण बसलं. मी कुणाला उगाच खलनायक करत नाही. तो माणूस दुष्ट नव्हता, फक्त त्याचं जग त्या ग्रुपपाशी संपत होतं.

मारोती घुटमळला. त्याने क्रांतीला फोन लावला. फोन वाजत राहिला, कारण पोरीने गारांच्या भीतीने तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवला होता. नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. तो आसपास बघत होता, कोणी उभं राहील का म्हणून. जो तो आपापल्या गाडीकडे धावला होता. शेवटी त्याने मला उपसलं आणि निघाला. मला बोलता आलं असतं तर त्याला शिवीच दिली असती.

दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांत कधी होतं का? पत्रा उचलला की दुसरीकडून घसरायचा. “जरा डावीकडून, अरे काचेला नको लावू,” असं सुधीर यांचं चाललं होतं. मारोतीचं लक्ष माझ्यावर नव्हतंच, त्याची मान सारखी मागे वळत होती.

क्रांती पुढच्या रस्त्याने आवारात शिरली, इमारतीला वळसा घालून मागच्या गेटाकडे वळली. तिला लांबून लोटलेल्या गारांची सपाट पांढरी जागा दिसली असणार, जवळच्या ढिगाऱ्यांपेक्षा चालायला सोपी. मग तिची हाक आली. मोठी नव्हती. “पप्पा” एवढंच.

मारोती मला घेऊन असा पळाला की वाटेत दोनदा घसरून पडला आणि दोनदा मला न सोडता उठला. क्रांती छातीपर्यंत भोकात होती, दोन्ही कोपर कडेवर. खाली गारांचं जे बूच बसलं होतं त्यात तिचा पाय मांडीपर्यंत रुतला होता. त्या बुचावरच ती अडकली, नाहीतर सरळ खाली गेली असती आणि दिसलीच नसती. माणसांच्या बावळटपणाने ती पडली आणि माणसांच्याच बावळटपणाने ती वाचली, याचं मला आजही हसू येत नाही. पाणी मात्र चढत होतं. मारोतीने ओढून पाहिलं, ती किंचाळली. पाय हलेना.

मीना धावत आल्या. ती कानटोपीवाली बाई त्या गारांमध्ये सरळ पोटावर आडवी झाली आणि तिने क्रांतीला दोन्ही काखांत धरलं. “मी धरते. तुम्ही फोडा,” एवढंच म्हणाली.

मी खडकावर कधी चुकले नाही, पण खाली हाडामांसाची पोर होती. मारोती कडेला गुडघ्यांवर बसला. तो मला तिच्या पायाच्या शेजारी, पाण्यात न दिसणाऱ्या गारांत घालायचा, हळूच दाबायचा आणि विचारायचा, “लागलं का गं?” ती दात आवळून म्हणायची, “नाही, मार अजून.” एकदा मी तिच्या पोटरीला घासले. तिचं रक्त त्या पांढऱ्यावर वर आलं, तरी तिने मारोतीला सांगितलं नाही. शेवटी खाली काहीतरी सुटलं, पाणी खळकन आत गेलं आणि मीनाताईंनी तिला बाहेर ओढली. पाय गुडघ्याखाली मोडला होता.

सुधीर आले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, “पण मी ग्रुपवर टाकलं होतं.”

क्रांतीचे ओठ निळे पडले होते. ती म्हणाली, “काका, मी तुमच्या ग्रुपवर कुठे आहे?”

मारोतीने तिला पाठीवर घेतलं आणि गारा तुडवत मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. त्या रात्री सोसायटीची लाइट गेली नाही, गाडीही वाचली.

मग मीटिंग झाली. वॉचमनने जागा का सोडली, असा प्रश्न निघाला. पहार कोणी मागितली होती हे मीनाताई बोलल्या तेव्हा ‘झालं ते झालं’ असं ठरलं. मारोतीने ते ऐकून घेतलं, मीटर रूममध्ये आला, चौरंग बाजूला केले आणि मला खांद्यावर टाकून बाहेर पडला. पुन्हा गेला नाही. करंजाड्याला एका साइटवर त्याला काम मिळालं. क्रांतीचं प्लास्टर निघालं, पण ती आजही किंचित लंगडते.

जुलैत एका दुपारी पाऊस लागून राहिला आणि सुधीर छत्री घेऊन गावठाणातल्या खोलीच्या दारात आले. मारोती कामावर होता. क्रांती घरी होती.

“पहार हवी होती जरा,” ते म्हणाले. “पाणी तुंबलंय. नवा वॉचमन आहे, त्याच्याकडे नाही.”

क्रांती त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, दार लावेल. मी तरी लावलं असतं.

“देते,” ती म्हणाली. “पण वॉचमनला नाही द्यायची. झाकण तुम्ही उघडायचं आणि पाणी जाईपर्यंत तिथून तुम्ही हलायचं नाही. कोणी बोलावलं तरी नाही. जमेल?”

सुधीर काही तरी म्हणणार होते. त्यांचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं आणि ते थांबले. त्यांनी मला उचललं. दोन पावलांत खाली टाकलं, पुन्हा उचललं.

ती संपूर्ण दुपार ते त्या भोकापाशी मला धरून उभे होते. छत्री कधीच उडून गेली होती. खिशातला फोन वाजून वाजून बंद झाला, दोन्ही हात माझ्यावर होते म्हणून घेता आला नाही. शाळेतून येणाऱ्या मुलांना, कामावरून येणाऱ्या बायकांना ते पुन्हा पुन्हा सांगत होते, “इकडून नको, त्या बाजूने या.” गावठाणातल्या बऱ्याच जणांशी ते पहिल्यांदाच बोलत असावेत. क्रांती आपल्या दारात उभी राहून बघत होती. तिने त्यांना बसायला खुर्ची दिली नाही, चहाही विचारला नाही.

मित्रांनो, असल्या कहाणीच्या शेवटी आम्ही तुम्हाला विनवायचं असतं, आम्हाला जपा म्हणून. मला जपू नका. मला गंज चढू द्या, मला त्याचं काही वाटत नाही. पण माणसांच्या वाटेवर काही उघडं टाकलंत, तर ते बंद होईपर्यंत स्वतः तिथे उभे राहा. त्या दुपारी सुधीर यांच्या तळहातांना फोड आले, पुढे फुटलेही. मी त्यांना जराही हलकी झाले नाही.