फाईल पूर्ण करून दे

पाकीट फाडताना डॉक्टर उत्तराने आतल्या कागदाचाही कोपरा फाडला. मेडिकल काउन्सिलची नोटीस. ‘व्यावसायिक गैरवर्तन’ हे शब्द वाचले, खाली तक्रारदाराचं नाव वाचलं, आणि तिने तो गठ्ठा टेबलावर असा आपटला की स्टेथोस्कोप खाली पडला.

“गोदूबाई म्हात्रे! कोलशेतची गोदूबाई! बघ देवेश, बघ. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं!”

देवेश तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. ठाण्याच्या कोर्टात डॉक्टरांच्याच केसेस चालवायचा. मावशीकडे कळव्याला जेवायला म्हणून आलेला, तो डबा बाजूला सारून कागद वाचायला लागला.

“मावशी, शांत हो. ऑपरेशन कसलं होतं?”

“गर्भपिशवीचं. चार महिन्यांपूर्वी. दोन सिझेरियन झालेलं पोट, आत सगळं एकमेकांना चिकटलेलं. मूत्रवाहिनीला इजा झाली. होते! शंभरात एखादीला होतेच, कुठल्याही सर्जनच्या हातून होते. तिसऱ्या दिवशी माझ्याच लक्षात आलं. अँब्युलन्समध्ये शेजारी बसून मीच तिला माजिवड्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दुसरं ऑपरेशन होईपर्यंत तिथून हलले नाही मी. उपाशी! आणि ही बाई माझं रजिस्ट्रेशन घालवायला निघाली. सव्वीस वर्षं झाली मला या खुर्चीत.”

“आधी सांगितलं होतंस का, असं होऊ शकतं म्हणून?”

“अरे, चित्र काढून! लेटरपॅडवर पिशवी काढली, दोन्ही बाजूंच्या नळ्या काढल्या, म्हटलं, इथे कापताना या नळीला धक्का लागू शकतो, मग पुन्हा ऑपरेशन. वीस मिनिटं दिली तिला.” उत्तराचा आवाज इतका चढला की बाहेरच्या बाकावरच्या बायका गप्प झाल्या. “सखाराम! म्हात्रेंची फाईल आण.”

सखाराम बावीस वर्षं काउंटर सांभाळत होता. औषधांची ऑर्डर, नर्सच्या पाळ्या, कागदपत्रं, सगळं त्याच्याकडे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी उत्तरा फायली तपासायची, आणि एक जरी रकाना रिकामा सापडला तरी सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढायची. त्याने फाईल आणून ठेवली आणि तो दाराशीच उभा राहिला.

देवेशने पानं उलटली. “संमतीपत्र आहे. धोके लिहिलेत, तुझी सही आहे, आणि पेशंटचा अंगठा. छान.”

“बघितलंस? माझी फाईल कधी अपुरी—”

उत्तरा थांबली. तिने फाईल स्वतःकडे ओढून घेतली. पानाच्या तळाशी जांभळा, ठसठशीत अंगठा.

अंगठा कसा?

चित्र काढून झाल्यावर गोदूबाईने स्वतःच पेन मागून घेतलं होतं. ‘मना सही येते, बाय,’ म्हणाली होती. साठाव्या वर्षी गावातल्या शाळेत जाऊन शिकलेली. त्या चित्राखालीच तिने पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर, आणि सगळ्यात शेवटी वरची रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. थिएटरमधून दोनदा बोलावणं आलेलं. उत्तरा घड्याळाकडे बघत होती. सही झाल्यावर तिने तो कागद कौतुकाने गोदूबाईच्याच हातात दिला. सही झाली, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. फॉर्मवर सही घ्यायची राहूनच गेली असणार.

“सखाराम,” ती म्हणाली, “हा अंगठा कुणाचा आहे?”

सखाराम चपलांकडे बघत राहिला.

“मी काहीतरी विचारतेय!”

“माझा, मॅडम.”

“मूर्खा! अक्कल गहाण टाकलीस? माझ्या सव्वीस वर्षांवर बोळा फिरवलास तू! कुणी सांगितलं होतं तुला हे धंदे करायला?”

“तुम्हीच, मॅडम.” त्याने पहिल्यांदाच मान वर केली. “त्यांचा मुलगा, संदेश, कागदांची कॉपी मागायला आलेला, माजिवड्याच्या डॉक्टरना दाखवायला. मी तुम्हाला म्हटलं, संमतीच्या पानावर पेशंटची सही नाही. तुम्ही म्हणालात, ‘मला काही सांगू नकोस. फाईल पूर्ण करून दे.’ आता खेडवळ म्हातारी, नऊवारी नेसणारी. मला वाटलं, अंगठाच असणार.”

ते वाक्य उत्तराचंच होतं. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं तिला स्वतःलासुद्धा सांगता येईना.

“मावशी,” देवेश म्हणाला. त्याचं तक्रार वाचून संपत आलं होतं. “हे ऐक. नातीने लिहून दिलेलं दिसतंय. ‘डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून सर्व सांगितले होते. नळीला दुखापत झाली त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी माझी फार काळजी घेतली. परंतु त्यांच्या कागदावर मला अंगठेबहाद्दर ठरवले आहे. मी काउंटरवर विचारले, तर म्हणाले, आजी, तुम्ही भुलीत होता, तुम्हाला आठवत नाही. मला सर्व आठवते. हा अंगठा माझा नाही. माझी सही सोबत जोडली आहे.’”

शेवटच्या पानावर त्या चित्राची झेरॉक्स होती. पिशवी, दोन नळ्या, उत्तराच्या हातचा बाण, आणि खाली गोदूबाई सहदेव म्हात्रे.

“अगं, हे तर सोनं आहे!” देवेश खुर्चीत सरसावून बसला. “सगळं समजावलं होतं, हे तिनेच कबूल केलंय. राहिला अंगठा. त्या दिवशी उजव्या हाताला सलाईन होती, सही करता येईना, म्हणून अंगठा घेतला. एवढं लिहू. ठसा तपासायला कोण पाठवतंय? आणि पाठवलाच, तर पुढचं पुढे बघू.”

“म्हणजे तिला दुसऱ्यांदा खोटं पाडायचं.”

“तुझं रजिस्ट्रेशन वाचवायचं. सहा महिने जरी निलंबित केलं ना, तरी कळव्यातलं पोरन् पोर बोलेल.”

“बोलू दे!” उत्तराने टेबलावर हात आपटला. तळहात चांगलाच झोंबला. “लिही. अंगठा पेशंटचा नाही. फॉर्मवर सही घ्यायची राहिली ही चूक माझी. आणि फाईल पूर्ण करून दे, असं मीच सांगितलं होतं, तेही लिही.”

“मॅडम, माझं नाव घाला,” सखाराम पुटपुटला.

“तू गप्प बस!”

देवेशने पेनाला टोपण लावलं. “मावशी, वकील म्हणून मी असलं उत्तर लिहून देणार नाही.”

“नको देऊस. जेव तू, भाजी गार झाली.”

तिने लेटरपॅड ओढलं आणि स्वतः लिहायला बसली. रागाने दोनदा कागद फाटला, दोनदा नवा घेतला. खाली सहीपाशी आल्यावर हात सवयीने वळला, दोन वळणं आणि एक फराटा, रोज पन्नास कागदांवर करायची तसा. तिने तो थांबवला. मग एकेक अक्षर काढत तिने पूर्ण नाव लिहिलं आणि शेवटी वरची रेघ ओढली.

“दोन झेरॉक्स काढ,” ती सखारामला म्हणाली. “मूळ कागद काउन्सिलला, एक प्रत आपल्याला. दुसरी घेऊन मी कोलशेतला जाते.”

सखारामने कागद घेतला आणि जाता जाता टेबलावरच्या फाईलकडे हात नेला.

“ती राहू दे,” उत्तरा म्हणाली. “आहे तशीच राहू दे.”