सेफूचं लाल पाणी

तांगाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात त्या सकाळी माझ्या बहिणीच्या, म्वानाहावाच्या, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तिची चार वर्षांची रिझिकी कांजिण्यांनी भरली होती. मांत्रिक सेफूने पिवळं फडकं पोरीच्या अंगावरून फिरवलं, परातीतल्या नितळ पाण्यात बुडवलं आणि पाणी लालभडक झालं.

"बघा! सैतान रक्त ओकतोय!" सेफू गरजला. "आता चौदा दिवस अंगाला पाणी लावायचं नाही. लावलंत तर तो परत आत शिरेल. फोडांवर फक्त शेण आणि राख!"

बायका अल्लाचं नाव पुटपुटल्या. सेफूचे सैतान फार नाजूक. पाण्याला भीत, साबणाला भीत, दवाखान्याच्या तर वाऱ्यालाही उभे राहत नसत. जाताना आपलं फडकं त्याने पोरीच्या उशाशी ठेवायला दिलं.

"आई, खाजतंय गं. आंघोळ घाल ना," रिझिकी रडायची.

"थोडे दिवस, माझी राणी."

सहाव्या दिवशी ती तापाने फणफणली. खाजवलेले फोड चिघळले होते, मांड्या सुजून लाल झाल्या होत्या. आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

"फोडांतला संसर्ग रक्तात गेलाय," नर्सबाई हताश होऊन म्हणाल्या. "कांजिण्यांत रोज कोमट पाण्याने आंघोळ घालायची असते. चोळायचं नाही, मऊ कापडाने टिपायचं. नखं कापायची. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी रिझिकी गेली.

नंतर म्वानाहावा घरातले कपडे धुवायला बसली. सेफूच्या फडक्याला साबण लागला मात्र, ते लाल झालं. तिने मला हाक मारली.

"दादा, पोर तर मातीत आहे. मग हे रक्त कुणाचं?"

मी फडक्याचा वास घेतला. "हळद आहे ही. साबण किंवा चुना लागला की लाल होते. त्याच्या परातीत पाणी नव्हतं म्वाना, चुन्याची निवळी होती."



त्याच आठवड्यात शेजारच्या झुहुराच्या मुलाला कांजिण्या आल्या आणि सेफू परात आणि नवं पिवळं फडकं घेऊन हजर झाला. म्वानाहावा गर्दीतून पुढे गेली. तिने त्याच्या हातातलं फडकं ओढून त्याच्याच दंडावरून फिरवलं आणि परातीत बुडवलं. लाल!

"सेफूबाबा, तुमच्याही अंगात सैतान?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हसू नका," ती म्हणाली. "हळद आणि चुना आहे हा. एवढ्यासाठी माझी पोर गेली. झुहुरा, पाणी कोमट कर."

सेफू परात तिथेच टाकून निघून गेला. म्वानाहावाने त्या मुलाच्या अंगावर ओंजळीओंजळीने पाणी सोडलं, प्रत्येक फोड हळूच टिपला.  मुलाने समाधानाने डोळे मिटले, तशी ती हुंदके देऊ लागली.

मी शाळेत मास्तर आहे. पहिल्या दिवशीच मला शंका आली होती, पण चारचौघांत शोभा नको म्हणून मी गप्प बसलो. तुम्ही बसू नका. भर गर्दीत विचारा, पाण्यात काय घातलंय? आणि आजारी लेकराला दवाखान्यात न्या.