नोंगखॉनचे हिरवे खडे

सकाळी सातलाच अख्खं नोंगखॉन विहाराच्या अंगणात लोटलं होतं आणि ज्याच्या त्याच्या हातात बरणी होती. बरणीत हिरवे, मऊ, वाटाण्याएवढे खडे. पहाटे पोटातून पडलेले. माणसं एकमेकांच्या बरण्यांत नाक खुपसून मोजत होती आणि ज्याचे जास्त त्याची पाठ थोपटत होती.

लामदुआन एका कडेला उभी राहून बघत होती. ती गावची आरोग्यसेविका. यकृताच्या रोगाच्या पाहणीसाठी दहा वर्षं ती दारोदार डब्या वाटत होती आणि शौचाचा नमुना म्हटलं की हीच मंडळी तोंडाला पदर लावत होती. आता मात्र मिरवणूक काढायची तेवढी बाकी होती. लाज कोळून प्यायलेत मेले, असं तिच्या मनात आलं.

आदल्या संध्याकाळी गावाला औषधाचा पेला पाजणारा आचान विचियन चौथऱ्यावर उभा होता. आचान म्हणजे गुरुजी; ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला दिली होती.

"हे काय आहे, मंडळी? किड्यांची घरटी. दवाखान्याची गोळी किडा मारते, घरटं तसंच ठेवते. माझा एक पेला, की घरट्यासकट साफ."

"मग आता कोय खायला हरकत नाही ना?" कोणीतरी विचारलं.

"खुशाल खा. झाडलेल्या घरात किडा वस्तीला येत नाही."

गावाला तेच ऐकायचं होतं. कोय म्हणजे ची नावाच्या नदीतला कच्चा मासा बारीक चिरून त्यावर लिंबू, मिरची आणि भाजलेल्या तांदळाची पूड. त्याच माशातून किडा पोटात जातो, पित्ताच्या नळीत वीस-वीस वर्षं ठाण मांडतो आणि काहींना शेवटी कॅन्सर देऊन जातो. पाहणीवाले हे सांगून सांगून थकले, पण जिभेपुढे अक्कल कोणाची चालते?

लामदुआनचा थोरला भाऊ बुन्थोम बरणी नाचवत आला. "एक्केचाळीस. गावात पहिला नंबर."

"दादा, परवा गुरुवार आहे. सोनोग्राफीत तुझी नळी सुजलेली दिसली, मोठ्या दवाखान्यात बोलावलंय."

"आता कशाला? होतं नव्हतं ते सगळं पडलं."

"डॉक्टर म्हणाले, उशीर करू नका."

"डॉक्टरांनी एक तरी खडा काढून दाखवला का? उगाच माझ्या मागे लागू नकोस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ डोळ्यांदेखत मरायला निघाला होता, आणि तोही हसत हसत. पण भांडून उपयोग नव्हता. पाहणीत तिला एक गोष्ट शिकवली होती: आजाऱ्याला जे विचारता, ते धडधाकट माणसालाही विचारा. ती तडक चौथऱ्यापाशी गेली.

"आचान, मला पण द्या पेला."

सगळे हसले. लामदुआनला लहानपणापासून कच्च्या माशाच्या वासानेच ओकारी येई. दहा वर्षांत तिच्या नमुन्यात एकदाही किड्याचं अंडं सापडलं नव्हतं, हे गावाला तोंडपाठ होतं. विचियन जरा घुटमळला, पण इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार?

संध्याकाळी सगळ्यांदेखत तिने पेला रिचवला. चव ओळखीचीच होती: तेल, लिंबाचा रस आणि जुलाबाचं कडू मीठ.

बुधवारी सकाळी तिने बरणी चौथऱ्यावर आदळली. "मोजा. त्रेपन्न. मी जन्मात कोय खाल्ला नाही. मग ही घरटी कोणाची?"

विचियन डोळे मिटून म्हणाला, "मागच्या जन्मी खाल्ला असशील, बाई."

पडलो तरी नाक वर.

तिने पत्र्याच्या दोन ताटल्या उन्हात ठेवल्या. एकीत तिचे खडे, दुसरीत बुन्थोमचे. एप्रिलचं ऊन ते. बघता बघता दोन्हीकडचे खडे विरघळले आणि हिरवट तेल उरलं. तिने त्यात कापसाची वात बुडवून काडी लावली. वात तडतडली आणि पेटली.

"राखेच्या पाण्यात तेल ढवळून आपल्या आज्या साबण करायच्या, आठवतंय? पोटात तेच होतं. तेल यांनी पाजलं, त्याचा साबण पोटाने केला, हिरवा रंग पित्ताने दिला. किडे जिथे होते तिथेच आहेत."

तोवर विचियनची गाडी चालू झाली होती. त्याला शेजारच्या गावात तातडीचं पुण्यकर्म आठवलं होतं.

बुन्थोम ताटलीपाशी बसून राहिला. "पण लिंबू पिळलं की मासा पांढरा पडतो. शिजतोच की तो. बाबांनीच शिकवलं."

"बाबा कशाने गेले, दादा?"

त्याने ताटली बाजूला सारली. "पिवळे पडून," तो म्हणाला.

"लिंबाने मासा पांढरा पडतो. किडा मरत नाही."

गुरुवारी दवाखान्याच्या गाडीत पाहणीतून बोलावलेले सात जण बसायचे होते, चार बसले. बुन्थोम त्यांत होता. तपासणीत त्याच्या नळीत गाठ सापडली, पण ती लहान होती, कापून काढता आली. मागे राहिलेले तिघे शेजारच्या गावी विचियनकडे गेले. तिथे खडे मोठे पडतात म्हणे. त्यांतला नावाडी सावेंग पावसाळ्यात दवाखान्यात पोचला, तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते. डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि घरच्यांना बाहेर बोलावलं.

मासा शिजायला दहा मिनिटं लागतात आणि तपासणीला एक दिवस. सावेंगपाशी तेवढाही वेळ नव्हता. तुमच्यापाशी आहे ना?