सोमवार ते शुक्रवार

नोएमीच्या पत्राला फिंटन मॅडिगनने उत्तर दिलं नव्हतं, त्याला पाच आठवडे होऊन गेले होते. ती त्याच्याच घरात वरच्या खोलीत राहत होती, तरी पत्र तिने तिकीट लावून टपालाने पाठवलं होतं. दुसरं करणार तरी काय? ती स्वयंपाकघरात शिरली की हा चहा अर्धा टाकून मागच्या दाराने बागेत निघून जायचा.

ती कॅनडाची, सव्वीस वर्षांची. एक पदवी झाल्यावर डॉक्टर व्हायला आयर्लंडमधल्या लिमरिकला आलेली. परदेशी विद्यार्थ्यांना फी वर्षाला पंचावन्न हजार युरो. तिकडच्या बँकेने देता येईल तेवढं कर्ज देऊन झालं होतं आणि आईवडिलांचं घर गहाण पडलं होतं. दोन वर्षं अजून बाकी होती. तिने लिहिलं होतं, ‘तुमची खोली सोमवार ते शुक्रवारच असते. शनिवार-रविवारही राहू द्याल का? एनिस गावच्या मावशीला दर आठवड्याला त्रास देणं बरं वाटत नाही. वीस युरो जास्त देऊ शकेन, त्याहून नाही. जमणार नसेल तर तसं कळवा, म्हणजे नाताळच्या आधी कॉलेजातून नाव काढून घेता येईल.’

खोल्या तिथे अशाच दिल्या जात. शुक्रवारी दुपारी मुलं मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन आईकडे जायची ती रविवारी संध्याकाळी उगवायची. फिंटनला ते सोयीचं होतं. आठवड्यातल्या पाच संध्याकाळी उजवा हात स्वेटरच्या खिशात दाबून ठेवता यायचा. शनिवारी तो बाहेर काढला की मांडीवर आपला आपण थरथरत बसायचा.

चाळीस वर्षं ग्रंथालयात त्याने कार्डं लिहिली होती. त्याचं अक्षर पाहायला लोक यायचे. आता ओळ बरी सुरू व्हायची आणि पुढे जाता जाता बारीक होत शेवटी मुंग्यांच्या पायांएवढी उरायची. हे कशाचं लक्षण, ते त्याने पुस्तकात वाचलं होतं आणि पुस्तक पाठ भिंतीकडे करून ठेवून दिलं होतं. डॉक्टरकडे गेला नव्हता. पत्राचं उत्तर लिहिलं तर ती मजकुराआधी आजारच वाचणार. तोंडाने सांगावं, तर जिन्यात ती दिसली की तो खोलीचं दार लावून घ्यायचा. आणि राहू दिलं, तर सातही दिवस तिचे डोळे घरात.

मावशी आहे ना, असं म्हणून तो रोज पत्र पुन्हा खणात ठेवायचा.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी तो दारातल्या पायरीवर आपटला. कपाळ फुटलं. शेजारच्या टूहीबाईंनी त्याला गाडीत घातलं.

“पुस्तक वाचत उतरत होतास का रे?”

“पाय अडकला.”

“तू त्या कपाटातल्या पुस्तकांसारखाच, फिंटन. पाठ तेवढी दिसते. आत काय आहे ते कोणाला वाचू देशील तर शपथ.”

त्याला इस्पितळाच्या तातडीच्या विभागात बसवून त्या गाडी लावायला गेल्या. खुर्च्या भरलेल्या होत्या. कोणी पाय धरून बसलेलं, कोणी पोट. खिडकीखाली अंगावर कोट ओढून एक मुलगी झोपली होती, पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळून. ती नोएमी होती.

काय झालं हिला, म्हणून तो उठायला गेला. तेवढ्यात सफाईवाली आली आणि तिने नोएमीचा खांदा हलवला.

“ऊठ गं बाई. आमचा साहेब येतोय. गेल्या शनिवारसारखी मागच्या बाजूला जाऊन बस.”

नोएमी मुकाट्याने उठली. पिशवीतून तिने टूथब्रश काढला, घरातल्यासारखा, न बघता. फिंटनने कोणाचं तरी वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. कागद फडफडायला लागला. त्याने दोन्ही हातांनी धरला, तरी फडफडत राहिला. ती दोन हातांच्या अंतरावरून गेली. ती वळली तर काय, या धास्तीने त्याने श्वास धरला होता. आणि ती दर आठवड्याला इथे झोपते, माझ्या घरात खोली रिकामी असताना, ही दुसरी धास्ती त्याच श्वासात होती.

टूहीबाई परत आल्या तेव्हा तो दाराशी उभा होता. “रक्त थांबलंय. घरी चला.”

सोमवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, तरी तो बागेत गेला नाही.

“कपाळाला काय झालं?” नोएमीने विचारलं.

“कपाटाचं दार लागलं.” त्याने हात खिशात खोल खुपसला. “मावशी बरी आहे?”

“मजेत. बटाटे खायला घालून मारते.” ती हसली, पण डोळे सुजलेले होते. “मिस्टर मॅडिगन, शुक्रवारी मी कॉलेजात जाऊन नाव काढून घेतेय. पुढच्या महिन्यापासून खोली नको. ते पत्र विसरून जा.”

“हो,” तो म्हणाला आणि डाव्या हाताने कप विसळायला घेतला.

मंगळवारी सकाळी ती गेल्यावर तो टेबलाशी बसला. तीन कागद फाडले. चौथ्यावरही अक्षर बारीक होत गेलं, पण तो थांबला नाही. ‘खोली सातही दिवस तुमची. भाडं आहे तेच, वीस युरो नकोत. शनिवारी इस्पितळात तुम्हाला पाहिलं. मी वर्तमानपत्रामागे लपलो होतो. कॉलेजात जाऊ नका. हे अक्षर असं का, ते तुम्हाला समजेल. मला अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकेन, पण हळू सांगा. मला भीती वाटते.’

कोपऱ्यावरच्या टपालाच्या हिरव्या पेटीजवळ टूहीबाई भेटल्या. “कोणाला रे पत्र?”

“घरी.”

“तुझ्याच घरी? मग माझ्याकडे दे, जाता जाता टाकते.”

“नको,” तो म्हणाला. त्यांच्याकडे दिलं, तर ते परत मागून घेता आलं असतं. पाकीट फटीच्या कडेवर दोनदा आपटलं, मग आत गेलं. टूहीबाई दिसेनाशा झाल्यावर त्याने फटीत बोटं घालून पाहिली. पत्र हाताला लागत नव्हतं.